भिंतीवरचे सात लाख अठरा हजार

सन दोन हजार तेवीस. होळी होऊन गेली होती, पाडवा यायचा होता. निमगाव केतकीच्या रस्त्यावरचे डांबर दुपारी चपलेला चिकटत होते. तिथून पुढच्या मार्चपर्यंत आमच्या घरात जे घडले ते लोक मला अजून पारावर बसवून विचारतात. कर्ज फेडणाऱ्या घरात पैसा साचत नाही. किस्से मात्र पोत्याने साचतात. मी कुणाला सांगत बसत नाही. पण लोक आपल्या मनाने भर घालून सांगायला लागले, म्हणून हे जसे झाले तसे लिहून ठेवतो.

मी सोपान गवंडी. शाळा चौथीपर्यंत. बांधलेली घरे एकशे बारा. पडलेले एकही नाही.

माझा मुलगा महादेव सेंट्रिंगच्या प्लेटा भाड्याने देतो. स्लॅब ओतताना खालून ज्या लोखंडी प्लेटा लावतात, त्या. एकोणीस साली त्याने त्या घ्यायला इंदापूरच्या एका पतसंस्थेचे चार लाख काढले. जामीनदार पगारवाला नाहीतर पेन्शनवाला लागतो. मी गौतमरावांकडे गेलो. गौतमराव म्हणजे रिटायर हेडमास्तर, माझे जुने दोस्त. मी पाणी पिऊन तांब्या खाली ठेवायच्या आत त्यांनी सही केली.

पुढच्याच वर्षी लॉकडाऊन पडला. प्लेटांना गंज चढला आणि हप्त्यांना व्याज. महादेव घरात काही बोलला नाही.

मग त्या मार्चमध्ये एका दुपारी पतसंस्थेचा वसुलीवाला गाडीवरून आला. मला म्हणाला, "आबा, जामीनदार कुठं राहत्यात?"

"कशाला?"

"दोन नोटिसा दिल्या, उत्तर न्हाय. पुढच्या मार्चपर्यंत भरलं न्हाय तर बाजार चौकात बोर्ड लागंल. थकबाकीदाराचा फोटो आन् जामीनदाराचा फोटो. शेजारी शेजारी."

महादेवाचा फोटो लागला असता तर मी काही म्हटले नसते. त्याला फोटोची हौस आहे. पण गौतमरावांचा?

दोन नोटिसा येऊन दोन महिने झाले होते. त्या दोन महिन्यांत गौतमराव रोज संध्याकाळी माझ्या शेजारी पारावर बसत होते. त्या संध्याकाळी मी विचारले, "मास्तर, नोटिसा आल्या?"

"आल्या."

"बोलला न्हाई?"

"तुम्ही विचारलं नाही."

*

त्याच रात्री सगळ्यांना जेवणाआधी बसवले. म्हटले, ज्याने त्याने आपले देणे सांगायचे, मग ताट मिळेल.

महादेवाने पतसंस्था सांगितली. मग बुलेटचे फायनान्स सांगितले. मग थोडे थांबून दागिन्यांवरचे कर्ज सांगितले. सून सविता म्हणाली, बचत गटाचे चाळीस हजार. आमच्या मंडळींनी, म्हणजे शांताबाईंनी, पदर तोंडाला लावला आणि कासारणीचे तेवीसशे सांगितले.

"तेवीसशेच्या बांगड्या?" मी म्हटले.

"एकदम न्हाय वो. सहा वर्षांच्या."

सगळे सांगून झाले. मी म्हटले, "माझं कुणाचं काय न्हाय. मी आयुष्यात उधारी केली न्हाय."

शांताबाई म्हणाल्या, "पानवाल्याचं सातशे ऐंशी कुणाचं?"

ताट मलाच सगळ्यात उशिरा मिळाले.

*

आमच्या घरात पुढच्या खोलीच्या एका भिंतीला गिलावा नाही. लोकांच्या भिंती करता करता ती राहून गेली. गवंडी माप भिंतीवर लिहितो, वहीत नाही. मी सुताराची जाड पेन्सिल घेतली आणि सगळे देणे विटांवर लिहून काढले. खाली बेरीज. सात लाख अठरा हजार. त्यात पानवालाही आला.

महादेव म्हणाला, "आबा, पावनं-रावळं येत्यात. वहीत लिवा की."

मी म्हटले, "वही मिटता येती."

महिनाभराने सविताचे वडील आले, म्हणजे माझे व्याही. कन्हेरीला त्यांची बागायत आहे, बंगला आहे, दारात चारचाकी आहे. त्यांची गाडी कोपऱ्यावर दिसली तशी सविताने पळत जाऊन त्या भिंतीवर मोठे कॅलेंडर अडकवले.

व्याही बसले. चहा झाला. मग त्यांना एकादशी कधी आहे ते बघायचे सुचले. उठले, कॅलेंडरचे पान उलटायला गेले आणि सगळे कॅलेंडरच हातात आले.

व्याह्यांनी खिशातून चष्मा काढला. वरून खालपर्यंत वाचले. बेरीज बोटाने करून बघितली. मग कॅलेंडर पुन्हा खिळ्याला लावले, खाली बसले आणि हळूच म्हणाले,

"आमच्यापेक्षा कमी हाय."

*

घरातला सगळा पैसा सविताकडे द्यायचा असे मी ठरवले. ती बारावी झाली आहे आणि तिला नाही म्हणता येते. नियम एकच. कुणीही पैसे मागितले तर आधी कारण सांगायचे. नियम मीच केला.

तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "सविता, पन्नास रुपये दे."

"कशाला आबा?"

मला आयुष्यात हे कुणी विचारले नव्हते. मी म्हटले, "दाढी करायची हाय."

तिने वही उघडली. "गेल्या बुधवारी झाली की."

त्या वर्षी मी दाढी ठेवली.

*

आमच्याकडे लग्नाला गेले की आहेर. गेले नाही तरी आहेर. टॉवेल, टोपी, साडी, वर पाकीट. घेतलेले कुणी वापरत नाही. ट्रंक उघडून मोजले तर घरात त्रेचाळीस टॉवेल आणि एकोणीस टोप्या! मी हुकूम केला, वर्षभर नवा आहेर विकत घ्यायचा नाही. ट्रंकेतला जाईल.

पहिलेच लग्न माझ्या चुलतभावाच्या नातवाचे, बावड्याला. त्यातल्या त्यात कोरी टोपी आणि टॉवेल काढला. प्लास्टिकची पिशवीसुद्धा फोडलेली नव्हती. मांडवात चुलतभावाच्या हातात दिला. त्याने पिशवी उलटी करून बघितली. आत चिठ्ठी होती. चिठ्ठीवर नाव, 'सोपान गवंडी यांजकडून.' अक्षर माझे.

म्हणजे मी कधीतरी कुणाला तरी दिलेला तो टॉवेल. चार मांडव फिरून माझ्याच ट्रंकेत आला होता.

चुलतभावाने चिठ्ठी नीट आत सरकवली आणि म्हणाला, "असू दे. पुढच्या लग्नसराईत तुझ्याकडं पाठवून देतो."

दिलाही.

*

बुलेट विकायची ठरली. महादेव चार दिवस जेवला नाही. पाचव्या दिवशी जेवला, कारण त्या दिवशी घरी मटण होते. मटण सविताने मुद्दाम आणले होते. खर्चाचे कारण तिने वहीत लिहिले होते, 'बुलेटसाठी.'

गिऱ्हाईक एक तरुण शिक्षक. गाडी बघायला आला तेव्हा महादेव घरी नव्हता. मी अंगणात बसलो होतो. तो म्हणाला, "आजोबा, गाडी कशी आहे?"

मी सांगितले. क्लच जड आहे. मागचे टायर गुळगुळीत झाले आहे. एकदा पुलाजवळ पडली होती, डाव्या बाजूला खरवडलेय, तिथे रंग दिलाय. पेट्रोल फार पिते. थंडीत लवकर सुरू होत नाही.

तेवढ्यात महादेव आला. दारातच कपाळाला हात लावून उभा राहिला. "आबा, तुमी इकायला बसलाय का पंचनामा करायला?"

तो शिक्षक हसायला लागला. म्हणाला, "आजोबा, आता चांगलं काय आहे ते पण सांगा."

मी म्हटले, "तू घेऊन गेलास की ती हितनं जाईल. तेवढंच चांगलं."

त्याने घेतली. मागितलेल्या भावात. जाताना मला नमस्कार केला. महादेवाला केला नाही.

*

घेणेही होते. महादेवाच्या प्लेटा वापरून लोकांनी बंगले उभे केले आणि भाडे ठेवले तसेच. सगळ्यात मोठी बाकी एका बारामतीच्या माणसाची. अडतीस हजार. नाव लिहीत नाही, त्याची मुले चांगली आहेत.

महादेव अकरा वेळा गेला. तो माणूस म्हणायचा, "वास्तुशांत झाली की देतो." वास्तुशांतीचे आमंत्रण आले. मी म्हटले, मी जातो.

दोन मजली बंगला. मांडव, आचारी, शंभर-सव्वाशे माणूस. तो सगळ्यांना फिरवून ग्रॅनाइट दाखवत होता. मी नमस्कार केला, प्रसाद घेतला, हात धुतले. मग खिशातून ओळंबा काढला आणि दर्शनी खांबाला लावला.

ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेले वजन. खांब सरळ आहे का वाकडा, ते त्यातून कळते. मी दोरी धरली. एक डोळा मिटला. काही बोललो नाही.

पाच मिनिटांत वीस माणसे जमली. एकजण म्हणाला, "काय झालं वो?" दुसरा म्हणाला, "म्हातारा जुना गवंडी हाय. काहीतरी दिसलं असंल." बायका खांबापासून लांब सरकल्या. एकीने आपले पोर ओढून घेतले.

मी दुसऱ्या बाजूला गेलो. तिथे ओळंबा लावला. मान हलवली.

घरमालक पळत आला. माझा दंड धरून मला जिन्याखाली नेले. "आबा, अवो काय करताय हे!"

"बघतोय."

"किती हायेत तुमचं?"

"अडतीस."

आत गेला, मोजून आणून दिले. मी मोजून घेतले. ओळंबा गुंडाळून खिशात घातला आणि बाहेर आलो. लोक वाटेत उभेच होते. मी म्हटले, "जेवून घ्या. काय काळजी न्हाय."

खांब अगदी ओळंब्यात होता. मला कुणी विचारलेच नाही.

*

दिवाळीनंतर भिंतीवरच्या बऱ्याच रकमांवर आडवी रेघ पडली. पानवाला, कासारीण, गट, फायनान्स. दागिनेही सुटले. राहिली पतसंस्था. तिच्या मॅनेजरने मला बोलावले. माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "आबा, एकतीस हजार व्याज माफ करता येईल. योजना आहे. फक्त एक अर्ज करा."

अर्ज छापलेला होता. मी एकेक अक्षर लावून वाचला. त्यात होते, 'माझ्या कुटुंबाची परिस्थिती हलाखीची असल्याने.'

मी म्हटले, "ही ओळ काढा."

"ती काढता येत नाही. योजनाच हलाखीवाल्यांसाठी आहे."

"माझ्या घरात दोन टायमाला चूल पेटती. सून बारावी हाय. पोरगा कामाला जातो. हलाखी कुठाय?"

महादेव शेजारी बसला होता. त्याने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. मी पाय काढून घेतला.

मॅनेजर म्हणाला, "आबा, अहो या एका शब्दाचे एकतीस हजार होतात."

"मग त्यो तुमच्याकडंच राहू द्या."

येताना एसटीत महादेव मागच्या सीटवर जाऊन बसला. घरी आल्यावर त्याने आईला सांगितले. शांताबाई भाकरी थापत होत्या. त्या म्हणाल्या, "एकतीस हजार गेलं?"

"गेलं."

"बरं झालं सही केली न्हाय. उद्या सगळ्या गावाला कळलं असतं आन् मला सोयऱ्यांच्यात जाता आलं नसतं." मग भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "पर एकतीस हजार म्हंजी लय झालं वो!"

त्या दिवसापासून मी पुन्हा कामाला जायला लागलो. वय बहात्तर. छोटी कामे, चूल, संडासाच्या भिंती, पायऱ्या. सविता माझी मजुरी वहीत लिहायची. नावापुढे 'आबा (हलाखी)' असे लिहायची. मी बघितले नाही असे दाखवले.

*

फेब्रुवारी संपताना पतसंस्थेने बोर्डाची तयारी सुरू केली. फ्लेक्स बनवायचा तर फोटो पाहिजे. फाइलमधला गौतमरावांचा फोटो ओल येऊन खराब झालेला. शिपाई थेट त्यांच्या घरी गेला.

हे मला त्यांच्या पत्नी रमाताईंनी सांगितले. गौतमरावांनी नसते सांगितले.

शिपाई दारात उभा राहून म्हणाला, "सर, एक फोटो पाहिजे होता."

"कशासाठी?"

तो पोरगा लाजला. पण खोटे बोलला नाही. "थकबाकीच्या बोर्डासाठी. जामीनदाराचा लागतो."

गौतमराव म्हणाले, "आकार?"

"पासपोर्ट."

ते आत गेले. कपाट उघडले. पेन्शनच्या कामासाठी काढलेले फोटो होते, कोटातले. त्यातले दोन आणून दिले.

शिपाई म्हणाला, "सर, एकच पाहिजे."

"असू दे. एखादा छपाईत खराब होतो."

मी चहा तसाच ठेवून उठलो. महिना राहिला होता आणि बेचाळीस हजार बाकी होते. त्या महिन्यात महादेवाने एकही काम नाकारले नाही. एरवी तो सावली बघून काम घेतो.

*

मार्चची शेवटची तारीख तोंडावर आली. बेचाळीस हजार जमले. आदल्या दिवशी फोन करून आकडा विचारला होता. बेचाळीसच.

महादेव बावड्याला स्लॅबवर होता. मी पैसे धोतराच्या गाठीत बांधले आणि इंदापूरला निघालो. स्टँडवर गौतमराव उभे होते. पांढरा शर्ट, पांढरी पँट, हातात छत्री. म्हणाले, "मलाही तिकडं काम आहे." काय काम ते त्यांनी सांगितले नाही.

दहाला पतसंस्था उघडली. खिडकीवरच्या मुलीने नोटा मोजल्या आणि म्हणाली, "बेचाळीस हजार सातशे ऐंशी होतात आजोबा."

"काल बेचाळीस सांगितलं."

"हो, पण जामीनदारांना पाठवलेल्या नोटिशींचा खर्च राहिला होता. पोस्ट, वकील. सातशे ऐंशी. तो भरल्याशिवाय खातं बंद होत नाही. उद्या सुट्टी आहे, परवा पण. आज पाचपर्यंत भरा."

गौतमरावांचा हात खिशात गेला.

मी म्हटले, "मास्तर, हात भाईर काढा."

"सोपानराव, सातशे रुपयांसाठी..."

"तुमच्या नोटिशीचं पैसं तुमी भरणार? हात भाईर."

त्यांनी हात बाहेर काढला.

महादेवाला फोन लावला. उचलला नाही. स्लॅब चालू असताना कुणी फोन उचलत नाही आणि उचलू नये. मी खिडकीवर सांगितले, "पैसं ठेवून घ्या. येतो."

बाहेर आलो. समोर रस्त्यापलीकडे गाळ्यांचे काम चालू होते. भिंत कमरेइतकी आली होती. ठेकेदार फोनवर कुणाला तरी शिव्या घालत होता. त्याचा गवंडी आला नव्हता.

मी जाऊन म्हटले, "गवंडी पायजे का? अर्धा दिवस."

त्याने मला खालून वर बघितले. "वय काय बाबा?"

"चार वाजता भिंतीला इचारा."

"बरं. पाचशे दीन. पर बिगारी बी आला न्हाय. माल कोण देणार?"

मागून आवाज आला, "मी आहे."

गौतमरावांनी छत्री भिंतीला टेकवली होती. शर्टाच्या बाह्या दुमडत होते. ठेकेदार म्हणाला, "अवो, तुमी तर सर दिसताय!"

"होतो."

"बिगाऱ्याला तीनशे हायेत."

"चालतील."

मी काही म्हणायच्या आत त्यांनी घमेले उचलले.

अकरा ते चार काम केले. गौतमरावांनी माल कालवला, विटा दिल्या, पाणी मारले. दोनदा मी त्यांच्यावर ओरडलो. माल पातळ झाला होता. ते म्हणाले, "पुन्हा करतो." पुन्हा केला. तिसऱ्यांदा चांगला झाला. पतसंस्थेच्या खिडकीत मॅनेजर, शिपाई आणि ती मुलगी उभी राहून बघत होती. आम्ही तिकडे बघितले नाही.

चार वाजता ठेकेदाराने भिंत बघितली. हात फिरवला. आठशे दिले. पाचशे माझ्या हातावर, तीनशे गौतमरावांच्या हातावर.

रस्ता ओलांडताना गौतमरावांनी त्यांचे तीनशे माझ्यापुढे धरले. म्हणाले, "हे पेन्शनचे नाहीत."

मी घेतले.

खिडकीतून आठशे सरकवले. मुलीने वीस परत दिले. ते मी बिगाऱ्याला दिले.

पावती आली. कर्ज फिटले.